शेवटच्या नळाचं पाणी

२०२५च्या जानेवारीत महाराष्ट्रात एकाच वेळी दोन ठिकाणी पाण्यावर संशय आला. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस पुंजक्यांनी हातात येऊ लागले आणि काहींना तर अवघ्या काही दिवसांत टक्कल पडलं. त्याच सुमारास पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात धडधाकट माणसांच्या हातापायांतलं बळ जाऊ लागलं. काहींना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. गुइलेन बॅरे सिंड्रोम हे अवघड नाव आठवडाभरात ‘जीबीएस’ होऊन चहाच्या टपरीवर पोहोचलं.

दोन्हीकडे पहिलं बोट पाण्याकडे गेलं. शेगावच्या नमुन्यांत नायट्रेट आणि विरघळलेले क्षार भरपूर निघाले, तेव्हा गावकऱ्यांना उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. पण नायट्रेटने केस गळत नाहीत. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचं प्रमाण वाढलेलं आढळलं आणि विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधलं. पाणी वाईट होतं, पण या गुन्ह्यातला आरोपी ते नव्हतं.

पुण्यात उलट झालं. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांपैकी अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि अर्धकच्च्या चिकनमधून तो पोटात जातो. त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. नांदेड गावाला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या विहिरीभोवती चर्चा फिरू लागली. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन पडत होता, पण ते गाळून, शुद्धीकरण केंद्रातून येत नव्हतं. २०२१ साली तेवीस गावं महापालिकेत आली, त्यांतलं हे एक. हद्द एका आदेशाने वाढते, पाण्याची व्यवस्था तेवढ्या वेगाने वाढत नाही.

नळाला येणारं पाणी चांगलं आहे हे कुणाला, कधी आणि कशावरून कळतं, हा प्रश्न या दोन घटनांनी समोर आणला. याचं उत्तर देणारी यंत्रणा आपल्याकडे आहे आणि कागदावर ती बरीच नीटसही आहे. पण ती नक्की काय करते हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

‘पिण्यायोग्य’ म्हणजे काय, ते भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात लिहिलेलं आहे. २०१२ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत, नाइलाज असेल तर २००० पर्यंत. नायट्रेटला मात्र सवलत नाही, ४५ म्हणजे ४५. आणि सगळ्यांत कडक अट जंतूंची आहे. १०० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे साधारण अर्धा पेला पाण्यात, ई-कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये. हा जिवाणू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. तरी तो शोधला जातो, कारण तो पाण्यात असेल तर त्या पाण्याला कुठेतरी मैला भेटलेला असतो, आणि मैल्याबरोबर पटकी, विषमज्वर, कावीळ असं काहीही आलेलं असू शकतं.

खेड्यात हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकापासून सुरू होतं. बहुतेक ठिकाणी तो पंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारीच असतो. मोटार चालू करणं, व्हॉल्व्ह फिरवणं, फुटलेली पाइपलाइन जोडणं आणि लोकांच्या शिव्या खाणं या कामांत पाण्याचे नमुने घेणं ही आणखी एक भर. त्याने आणि आरोग्यसेवकाने घेतलेले नमुने जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत जातात. यांतल्या अनेक प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा चालवते. ही यंत्रणा १९७२ची, दुष्काळाच्या काळातली. तेव्हा प्रश्न होता जमिनीखाली पाणी आहे का, आता त्यात ते पिता येईल का या प्रश्नाची भर पडली आहे.

नमुना घेणं म्हणजे नळाखाली बाटली धरणं, असं वाटतं. प्रत्यक्षात निम्मे अहवाल खरे की खोटे हे या दोन मिनिटांत ठरतं. जंतूंसाठीची बाटली प्रयोगशाळेतून निर्जंतुक होऊन येते आणि ती नळाजवळ नेईपर्यंत उघडायची नसते. नळाला बांधलेलं फडकं किंवा प्लास्टिकचा तुकडा काढायचा, तोटी पुसायची, ती धातूची असेल तर आगीच्या ज्योतीने भाजून घ्यायची. मग पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं, म्हणजे तोटीत साचलेलं नव्हे तर नळवाहिनीतलं पाणी मिळतं. झाकण हातात धरायचं, खाली ठेवायचं नाही. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, थोडी हवा ठेवायची. आणि ती धुवायची तर मुळीच नाही, कारण तळाशी सोडियम थायोसल्फेट नावाचं रसायन थेंबभर घातलेलं असतं.

ते कशासाठी? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो बाटलीत आपलं काम करत राहिला, तर नळातून बाहेर पडताना जिवंत असलेले जंतू वाटेत मरतील आणि अहवाल येईल ‘पिण्यास योग्य’. थायोसल्फेट क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवतं. घाईत बाटली विसळून घेणारा माणूस नेमकं हेच रसायन ओतून देतो. यापुढे बर्फाची पेटी, आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत प्रयोगशाळा. मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून एसटीने बाटली न्यायची असेल, तर ही अट किती जड जाते हे नकाशा न बघताही कळतं.

जंतुपरीक्षेचा निकाल यायला एक-दोन दिवस तरी लागतात, तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं. म्हणून रोजचा भरवसा वेगळ्या, फार स्वस्त चाचणीवर असतो. खेड्यात तिला ‘ओटी’ म्हणतात. ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब काचेच्या नळीतल्या पाण्यात टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळं होतं. जितकं गडद, तितका क्लोरीन जास्त. शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचं. ओटी पॉझिटिव्ह आली तर ठीक, पाणी पांढरंच राहिलं तर निगेटिव्ह. वैद्यकीय अहवालात पॉझिटिव्ह म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, पाण्यात मात्र तोच शब्द दिलासा देतो. हे रसायन आरोग्याला बरं नाही म्हणून अनेक देशांनी ते सोडून गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी घेतली. आपल्याकडेही ती आहे, पण बोलण्यात ‘ओटी’च राहिली.

या चाचणीचा खरा जोर रंगात नाही, जागेत आहे. टाकीत टाकलेला क्लोरीन वाटेतल्या घाणीशी झुंजत संपत जातो. वितरणाच्या शेवटच्या घरी तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरला असेल, तर वाटेतली सगळी घाण मारून वर शिल्लक आहे असं समजायचं. म्हणून ओटी घ्यायची ती टाकीखालच्या नळाला नव्हे, पंचायत कार्यालयाच्या नळालाही नव्हे. वस्तीच्या टोकाला, उतारावरच्या किंवा अगदी चढावरच्या, जिथे पाणी शेवटी आणि बारीक धारेने येतं, त्या घरी घ्यायची. तपासनीस आला की त्याला पहिल्याच नळाशी नेण्याची आपल्याकडची पद्धत पाहता, नोंदवहीत पॉझिटिव्हच्या रांगा का दिसतात याचं नवल वाटायला नको.

क्लोरीन येतो टीसीएलमधून, म्हणजे ब्लीचिंग पावडरमधून. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पण तिला ओल आणि ऊन सोसत नाही. तोंड उघडं राहिलेली गोणी पंचायतीच्या कोपऱ्यात पावसाळाभर पडली की दिसायला पांढरीशुभ्र, कामाला अर्धमेली. हिशेब करून पाहा. एक लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर लागतो २०० ग्रॅम क्लोरीन. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर सुमारे ६०० ग्रॅम पुरते, २० टक्क्यांवर घसरली असेल तर पूर्ण किलो. कर्मचारी मात्र वर्षभर तोच डबा भरून टाकतो. तेही बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरची निवळी टाकीत ओतली तर. नाहीतर पावडर कोरडीच वरून भुरभुरली जाते आणि नळाला दुधाळ पाणी आल्याची तक्रार होते. पाण्यालाही अर्धा तास तरी मिळायला हवा. टाकी भरता भरता व्हॉल्व्ह सोडला, तर औषध पोहोचण्याआधी पाणी हंड्यात पोहोचतं.

महाराष्ट्राने यात एक चांगली गोष्ट केली. नुसतं पाणी न तपासता पाण्याभोवतीचा परिसर तपासायचा, आणि गावाला रंगीत कार्ड द्यायचं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीला कठडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटलाय का, जवळ उकिरडा किंवा शौचालयाचा खड्डा आहे का, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचतंय का, टीसीएलचा साठा आहे का. धोका जास्त तर लाल कार्ड, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवणाऱ्या आणि साथ न आलेल्या गावाला चंदेरी. यातली कल्पना शहाणपणाची आहे. नमुना फक्त त्या क्षणाचं सांगतो, फुटलेला ओटा पुढच्या पावसात काय होणार ते सांगतो.

जंतूंचा धोका दोन दिवसांत दिसतो. खनिजांचा दिसायला वर्षं लागतात, आणि तिथे क्लोरीन काहीच करू शकत नाही. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसॉल्टच्या काळ्या खडकावर आहे. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत खडक बदलतो आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, पुढे सांधे आणि पाठीचा कणा ताठरतो. बोअर जितकं खोल, तितका पाण्याचा खडकाशी सहवास लांब. दुष्काळात सरकारने कौतुकाने मारून दिलेल्या विंधन विहिरींनी काही गावांत हेच केलं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची जी पद्धत शोधली, ती ‘नालगोंडा तंत्र’ म्हणून ओळखली जाते, कारण तेलंगणातला तो जिल्हा या दुखण्यासाठी सगळ्यांत बदनाम.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हे आणखी एक दुखणं. तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार अशी की विहिरीला पाणी आहे, पण डाळ शिजत नाही. तिथे लांबून गोड पाणी आणणाऱ्या मोठ्या योजना हाच आधार.

नायट्रेटची गोष्ट मात्र माणसाच्या हातची. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तिनांतल्या एकाहून अधिक नमुन्यांत ते मर्यादेपलीकडे होतं. वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ ही नावं देशातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत आहेत. शेतातला युरिया, गोठ्याभोवतीचं मूत आणि शेण, विहिरीशेजारचे शोषखड्डे हे सगळं पावसाबरोबर मुरतं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि ती निळी पडू शकतात. घरोघरचा भरवशाचा उपाय म्हणजे पाणी उकळणं. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही, वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात उलट दाट होतं. जंतूंवरचा उपाय क्षारांवर लावायचा नाही, एवढं जरी अंगणवाडीत सांगितलं गेलं तरी खूप झालं.

शहरात स्रोत सहसा चांगला असतो. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा अशा सात जलाशयांचं पाणी येतं आणि त्यातलं बरंचसं भांडुप संकुलातून शुद्ध होऊन निघतं. बिघडतं ते पुढे. पाणी दिवसातले काही तासच सोडलं जातं. बाकीचा वेळ नळवाहिनी रिकामी, दाब नाही. जिथे जोड सैल आहे, जिथे गटारातून सरळ प्लास्टिकची जोडणी ओढली आहे, तिथे बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. संध्याकाळी पाणी आलं की पहिल्या दोन बादल्या गढूळ. गृहिणी ते पाणी फरशीला वापरतात, आणि तेच बरोबर आहे. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरने २००९च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केलं, तेव्हा चर्चा झाली ती मीटरची आणि बिलाची. पण सतत दाब असलेल्या वाहिनीत गळती झाली तरी पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. आरोग्याच्या हिशेबाने हा फायदा मीटरपेक्षा मोठा होता.

चाचणीचीही मर्यादा आहे आणि ती दिल्लीने फार किंमत देऊन शिकवली. १९५५च्या नोव्हेंबरात यमुनेचं मैलामिश्रित पाणी वजिराबादला, जिथून शहरासाठी पाणी उचललं जायचं, तिथपर्यंत शिरलं. धोका ओळखून क्लोरीन वाढवण्यात आला. विषमज्वराची साथ आली नाही, जिवाणू मेले होते. पण काही आठवड्यांनी कावीळ आली आणि सुमारे २९,३०० लोकांना तिने गाठलं. तो विषाणू होता, ज्याला पुढे हिपॅटायटिस ई हे नाव मिळालं. गढूळ पाण्यात क्लोरीनला तो पुरून उरला. २०१२ साली इचलकरंजीत याच विषाणूने हजारोंना आजारी पाडलं आणि बळीही घेतले. ई-कोलाय नाही म्हणजे विषाणू नाही, असं प्रमाणपत्र कुठलीही बाटली देत नाही. त्यामुळे आधी गाळणं, मग क्लोरीन, हा क्रम मोडून चालत नाही. पुण्याच्या विहिरीबाबतचा खरा आक्षेपही तोच होता.

लोकांनी यावर आपापला मार्ग काढला, तो म्हणजे वीस लिटरचा जार. जीबीएसच्या काळात पुणे महापालिकेने खासगी शुद्धीकरण केंद्रांतलं पाणी तपासलं, तेव्हा काहींचं पिण्यास अयोग्य निघालं आणि ती बंद करावी लागली. आरओ यंत्र क्षार काढतं, पण वाटेतल्या कोळशाच्या गाळणीत क्लोरीनही काढून टाकतं. म्हणजे यंत्रातून निघालेल्या पाण्याला पुढे कुणी राखणदार नाही. जार नीट धुतला नसेल, झाकण हाताने दाबलं असेल, टेम्पोत ऊन लागलं असेल, तर पाणी चवीला गोड आणि गार लागतं, तेवढंच.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना चाचणी संच वापरायला शिकवावं, अशी तरतूद आहे. त्यातली एक चाचणी अस्सल भारतीय. मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ती प्रसिद्ध केली. एका छोट्या बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी, तीत खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर मैल्यातल्या जंतूंचा संशय. ना सूक्ष्मदर्शक, ना वीज. प्रयोगशाळेइतकी ती अचूक नाही, कधी उगाचही काळी होते. पण मराठवाड्यातल्या एखाद्या गावात चाळीस बायकांसमोर आपल्याच हापशाचं पाणी शाईसारखं काळं झालेलं दिसतं, तेव्हा जे होतं ते छापील अहवालाने होत नाही. त्या बाटलीला कुणी ‘वरून दबाव आहे’ म्हणू शकत नाही.

खरी गळती अहवाल आल्यानंतरची. ग्रामपंचायतीच्या फलकावर घरपट्टी थकवणाऱ्यांची यादी लागते, पाण्याचा अहवाल सहसा कपाटातल्या फाइलला लागतो. अयोग्य निघालेल्या स्रोताचं पुन्हा नमुना घेऊन काय झालं, ही नोंद शोधायला गेलं की पानं कोरी सापडतात. ग्रामसभेत तीन कागद मागता येतात: या पावसाळ्याआधीचं कार्ड, प्रयोगशाळेचा शेवटचा अहवाल आणि टीसीएलची साठा नोंदवही. तिसऱ्यातले आकडे टाकीच्या क्षमतेशी ताडून पाहिले की पहिल्या दोघांवर किती विश्वास ठेवायचा ते कळतं. सरकारी पाणी प्रयोगशाळांत नागरिकांनाही माफक शुल्कात आपल्या घरचं पाणी तपासून घेता येतं. जंतूंची तपासणी हवी असेल तर बाटली आधी तिथूनच आणावी लागते. लोणच्याची बरणी किंवा सरबताची शिशी, कितीही घासली तरी, तिथे घेत नाहीत.